मालिकेचे संवाद लिहायला बोलावलंय. बँकेतली नोकरी सोडू का?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा धागा लागेल. विचारणाऱ्या २९ वर्षांच्या आहेत, नाशिकला एका बँकेत सात वर्षं नोकरी करतात. कॉलेजपासून एकांकिका लिहितात, स्पर्धांमध्ये लेखनाची बक्षिसंही मिळाली आहेत. एका रोजच्या मराठी मालिकेच्या पटकथालेखकांनी त्यांची एकांकिका पाहिली आणि "आमच्याकडे संवाद लिहाल का?" असं विचारलं. आता त्यांचे तीन प्रश्न आहेत. नोकरी सोडू का, मुंबईला राहायला जावं लागेल का, आणि हे काम करिअर म्हणून किती वर्षं टिकतं.

मी एकवीस वर्षं मालिका लिहिते आहे. सुरुवात संवादांपासूनच केली, मग बरीच वर्षं पटकथा, आणि अलीकडे कथाविस्तार. त्यामुळे जे सांगते आहे ते रोजच्या मराठी मालिकांबद्दल आहे. वेब सिरीज आणि सिनेमाचं गणित वेगळं असतं.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, "एकदा आत शिरले की पुढचं पुढे बघता येईल." मी तिथेच थांबले. बँकेत माणूस एकदा आत शिरतो. मालिकेत दर वेळी नव्याने शिरावं लागतं, कारण मालिका बंद होते. कधी चार वर्षांनी, कधी दीड वर्षाने, कधी सहा महिन्यांत. बंद झाली की लेखक पुन्हा दाराबाहेर असतो आणि महिन्याचा हिशेब शून्यापासून सुरू होतो. म्हणून मला वाटतं, नोकरी सोडावी का याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे. ही मालिका ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवशी तुमच्या हातात काय उरलेलं असेल? काम घ्यायचं की नाही, कोणत्या अटींवर घ्यायचं, कुठे राहायचं, या सगळ्याचं उत्तर मी याच प्रश्नावरून काढते.

आधी तुम्हाला नेमकी कोणती खुर्ची देऊ केली आहे ते समजून घेऊ. दूरदर्शनच्या काळात मालिकांना बहुतेक वेळा तेरा-तेरा भागांची मंजुरी मिळायची. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली, तिचे दीडशेच्या वर भाग मनोहर श्याम जोशी यांनी लिहिले. मालिका लेखकाच्या नावाने ओळखली जाण्याचा तो काळ होता. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आल्यावर मराठीत रोजच्या मालिका रुळल्या. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर भाग. ई टीव्ही मराठीवरच्या 'चार दिवस सासूचे'ने तर तीन हजारांचा टप्पा ओलांडला. एवढं लेखन एका माणसाच्या हातून होणं शक्य नव्हतं, म्हणून कामाचे तीन तुकडे पडले.

कथाविस्तार करणारा ठरवतो की पुढच्या दोन महिन्यांत काय घडणार, कुठलं गुपित कधी फुटणार, कुठला ट्रॅक, म्हणजे उपकथानक, संपणार. पटकथाकार त्याचे रोजचे भाग पाडतो. कुठला सीन आधी, कुठला नंतर, ब्रेक कुठे येणार, भाग कोणत्या चेहऱ्यावर फ्रीझ होणार. संवादलेखक त्या सीनमधल्या माणसांना बोलतं करतो. बहुतेक नवे लेखक संवादांच्या दारातून येतात, कारण तिथे हात सर्वांत जास्त लागतात आणि चांगलं लिहिणारा पाच सीनमध्ये ओळखू येतो.

पण संवादलेखक साखळीच्या शेवटी बसतो, आणि हे तुम्हाला कोणी आधी सांगणार नाही. कथेला वाहिनीची मंजुरी मिळायला दोन दिवस उशीर झाला, तर पटकथाकार एक दिवस भरून काढतो आणि उरलेला दिवस तुमच्या झोपेतून जातो. शूटिंग मागे सरकत नाही. सकाळी नऊची शिफ्ट असेल तर सातपर्यंत सीन सेटवर पोचायला हवा, कारण त्यावरून कपडे, प्रॉपर्टी म्हणजे सीनमध्ये लागणाऱ्या वस्तू, आणि कलाकारांची सेटवर यायची वेळ ठरते. भागांची आठ-दहा दिवसांची बँक, म्हणजे आधीच तयार असलेल्या भागांचा साठा, असेल तर माणसासारखं जगता येतं. बँक संपली की आज लिहिलेला सीन आज शूट होतो आणि उद्या-परवा दिसतो. मी असे सलग दोन-दोन महिने काढले आहेत. एकांकिका लिहिताना तुम्ही एका प्रवेशावर आठवडा घालवला असेल. इथे दिवसाला सात ते नऊ सीन लागतात, वीस-बावीस मिनिटांचा मजकूर, आणि उद्या पुन्हा तेवढाच.

आठवड्याचा कणा म्हणजे गुरुवार. त्या दिवशी बार्कचे, म्हणजे कुठली मालिका किती पाहिली गेली हे मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात. आकडा घसरला की संध्याकाळी बैठक होते आणि ट्रॅक बदलतो. एका मालिकेत धाकट्या मुलीच्या शिक्षणाचा ट्रॅक आम्ही फार मनापासून रचला होता. अकरा भागांचे संवाद लिहून तयार होते, चार भागांचं शूटिंगही झालं होतं. गुरुवारी आकडा आला, शुक्रवारी सकाळी तो ट्रॅक गेला आणि सोमवारपर्यंत लग्नाचा ट्रॅक उभा करायचा होता. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं, कारण ते अकरा भाग चांगले होते. तुमच्या बाबतीतही हे होणार आहे. तेव्हा रडू येईल, आणि त्याच रात्री लग्नाच्या याद्याही लिहाव्या लागतील.

कथेबाहेरची कारणंही कथेत शिरतात. आपले बरेच कलाकार नाटक करतात, त्यामुळे शनिवार-रविवार त्यांच्या तारखा नसतात. मग घरातला करता पुरुष दौऱ्यावर जातो, नाहीतर फोनवर बोलतो, आणि फोनचा तो सीन नंतर सवडीने शूट होतो. २०२० चं उदाहरण सांगते. मार्चमध्ये शूटिंग बंद पडलं. मेअखेरीस राज्य सरकारने पुन्हा सुरू करण्याची नियमावली काढली, त्यात ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर येण्याची परवानगी नव्हती. ज्या मालिकेचा अख्खा जीव आजीत होता, तिच्या लेखकाने काय करायचं? आम्ही आजीला गावी अडकवलं, तिचे व्हिडिओ कॉल लिहिले, तिची काठी आणि चष्मा घरात ठेवून तिच्याविषयी बोलणारी माणसं लिहिली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि आजी घरी आली. मागे वळून पाहता त्या दोन महिन्यांत मी पटकथा जितकी शिकले तितकी आधीच्या दोन वर्षांत शिकले नव्हते. पात्र समोर नसताना ते घरात कसं जाणवत ठेवायचं, हे तेव्हा कळलं.

आता संवादांच्या कलेबद्दल थोडं विस्ताराने, कारण तुमची खरी परीक्षा तिथे आहे.

रंगमंचावर प्रेक्षक अंधारात बसून तुमच्याकडे बघत असतो. मालिकेचा प्रेक्षक त्या वेळी पोळ्या लाटत असतो, मुलाचा अभ्यास घेत असतो, कालचा भाग त्याने पाहिलेला नसतो. त्याची पाठ टीव्हीकडे असली तरी गोष्ट कळली पाहिजे. म्हणून मालिकेत माहिती पुन्हा पुन्हा सांगावी लागते, आणि याच कारणाने लोक मालिकेच्या संवादांना नावं ठेवतात. माझ्या मते दोष पुनरुक्तीचा नाही. तीच माहिती तशीच सांगितली की कंटाळा येतो. ती वेगळ्या माणसाच्या तोंडून, वेगळ्या हेतूने आली की तिला पुन्हा धार येते.

समजा पटकथेत एवढंच लिहिलं आहे: सून सासऱ्यांना घराची कागदपत्रं मागते, सासरे टाळतात, सासू ऐकते. सासऱ्यांनी घर गहाण टाकलं आहे हे प्रेक्षकाला माहीत आहे. नवा लेखक पहिल्याच वाक्यात सुनेला म्हणायला लावतो, "बाबा, खरं सांगा, तुम्ही घर गहाण ठेवलंय ना?" सीन संपला. आता उरलेली अडीच मिनिटं फक्त आरडाओरडा. त्याऐवजी असं करून बघा. सून म्हणते, "बाबा, वीजबिल अजून आजोबांच्या नावावर येतंय. मी बदलून घेते, घराचे कागद द्याल?" सासरे म्हणतात, "एवढी वर्षं चाललंय ना त्यांच्या नावावर? चालू दे." आणि स्वयंपाकघरातून सासू सहज म्हणते, "अहो, कपाटाची किल्ली तुमच्याच खिशात आहे, द्या की काढून." आता सासरे दोघींच्या मध्ये सापडले आहेत, आणि त्यातली एक तर निष्पाप आहे. गहाण हा शब्द कोणी उच्चारलेला नाही. तरी पाठमोऱ्या बसलेल्या प्रेक्षकाला कपाट रिकामं आहे हे कळलं. किल्ली हा शब्द पुढचे पाच भाग वापरता येईल.

हे जमायला मोठी प्रतिभा लागते असं नाही. प्रत्येक पात्राला त्या क्षणी काय हवं आहे आणि काय लपवायचं आहे, हे लिहिण्याआधी स्वतःला विचारायची सवय लागते. आणि दुसरी सवय कानाची. तुम्ही सात वर्षं बँकेच्या काउंटरवर माणसं पैशाबद्दल बोलताना ऐकली आहेत. मुलाने पेन्शन काढून घेतली हे म्हातारा माणूस कसं सांगत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. ही पुंजी फार थोड्या लेखकांकडे असते. तिच्या वह्या आजपासून भरायला लागा.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य करून या. बऱ्याच मालिका त्याच नेटवर्कच्या दुसऱ्या भाषेतल्या मालिकेवर बेतलेल्या असतात. कथा तुमची नसते, कित्येकदा पटकथाही तुमची नसते. तुमच्याकडे येतं ते घर मराठी करण्याचं काम. त्या घरात मुलगी वडिलांना अहोजाहो करते की अरेतुरे, सासूला नुसतंच "आई" म्हणते की "अहो आई", भांडण झाल्यावर जेवायला कोण कोणाला हाक मारतं. मला हे काम मनापासून आवडतं. ज्यांना फक्त स्वतःचीच गोष्ट सांगायची असते, त्यांना ते आवडणार नाही, आणि त्यात काही चूक नाही. अशांनी नाटक लिहावं.

पैशांकडे येते. मोबदला भागामागे असतो. दर वाहिनी, वेळेचा स्लॉट, तुमची खुर्ची आणि अनुभव यांवर ठरतो, म्हणून आकडा सांगत नाही. पण चक्र कसं फिरतं ते सांगते. हिशेबाच्या सोयीसाठी भागाला १,००० रुपये धरा. महिन्याचे २६ भाग म्हणजे २६,०००. त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे २,६०० कापले जातात आणि २३,४०० येतात. कापलेले विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरले जातात, त्यामुळे ते बुडाले असं समजू नका. पण हे २३,४०० येतात कधी? भाग दाखवला गेल्यानंतर महिनाअखेरीस बिल, आणि बिलानंतर साधारण ९० दिवस, हा या धंद्यातला चालत आलेला रिवाज. जानेवारीत लिहिलेले भाग फेब्रुवारीत दिसले, तर पैसे मेअखेरीस. पगाराची सवय असलेल्या माणसाला हे पहिले पाच महिने सर्वांत कठीण जातात. शिवाय मालिका बंद झाली तर महिनाभराचीही सूचना मिळेलच असं नाही. त्यामुळे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय मी कोणालाही नोकरी सोडायला सांगत नाही. आठ महिन्यांचा असेल तर जास्त बरं.

दराइतकाच महत्त्वाचा एक प्रश्न आहे, तो बहुतेक नवे लेखक विचारतच नाहीत. पैसे लिहिलेल्या भागाचे मिळणार की दाखवलेल्या भागाचे? मघाशी सांगितलेले अकरा भाग आठवा. करारात "प्रसारित भाग" असं लिहिलेलं असेल तर त्या अकरा भागांचे शून्य रुपये. निदान मंजूर झालेल्या भागाचे पैसे मिळावेत असं लिहून घ्यायचा आग्रह धरा. नव्या माणसाचं नेहमी ऐकलं जातंच असं नाही, पण विचारलं की समोरच्याला कळतं की तुम्हाला कळतं.

माझी पहिली मालिका एका निर्मितीसंस्थेसाठी होती. करार "होईल, होईल" करत राहिला. मी जवळपास साठ भागांचे संवाद लिहिले, सगळं बोलणं फोनवर आणि मेसेजवर. मालिका अचानक बंद झाली. शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे कधीच आले नाहीत, आणि श्रेयनामावलीत माझं नाव एकदाही झळकलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी काम मागायला गेले तेव्हा मी ते साठ भाग लिहिले हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. मघाचा प्रश्न, मालिका बंद झाल्यावर हातात काय उरतं, तो मला तेव्हा पडला. त्या वेळी उत्तर होतं, काहीच नाही.

म्हणून सही केलेला करार आणि नावाचं श्रेय या दोन गोष्टींवर मी आता अडून बसते, आणि तुम्हीही बसावं असं मला कळकळीने वाटतं. श्रेयाचे शब्द करारात नेमके असू द्या: "संवाद" आणि पुढे तुमचं नाव. दुसऱ्याच्या नावावर लिहिण्याची पद्धत या क्षेत्रात आहे. ज्यांनी तुम्हाला बोलावलं त्यांचा मनसुबा तोच आहे का, हे स्पष्ट विचारायला लाजू नका. महिनाभर शिकण्यासाठी कोणी तसं केलं तर मी समजू शकते. वर्षभर कोणी करू नये.

कायद्याचं थोडं सांगते. मी वकील नाही, पण दोन-तीन गोष्टी प्रत्येक लेखकाला माहीत हव्यात. पहिली, कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. तुमच्याकडे नव्या मालिकेची कल्पना असेल तर ती बैठकीत नुसती बोलून दाखवू नका. पात्रं, पहिल्या वीस-पंचवीस भागांचा आराखडा, एखाद्या भागाची पटकथा असं लिहून काढा, नोंदणी करा आणि मग पाठवा. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची जुनी कामगार संघटना आहे. सभासदांना तिथे लेखनाची ऑनलाइन नोंदणी करता येते आणि वाद झाल्यास दाद मागता येते. मराठीतल्या मालिका, नाटक, चित्रपट लेखकांची 'मानाचि' ही संघटनाही आहे. पहिल्याच वर्षी सभासद व्हा.

दुसरी गोष्ट, २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहून सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा हक्क वसूल करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. प्रत्यक्ष पैसे हातात येणं हा संघटनांनी लढण्याचा वेगळा विषय आहे, पण हक्क तुमचा आहे हे डोक्यात ठेवून करार वाचा. आणि "कायमस्वरूपी", "जगभर", "सर्व माध्यमांत" हे शब्द दिसले की थांबून विचारा. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, म्हणूनच ते शब्द आवर्जून घातलेले असतात.

मुंबईचं उत्तर सोपं आहे. संवादांसाठी राहायला जायची गरज नाही. सीन फोनवर येतात, फोनवर जातात. मालिका गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला, ठाण्यात घोडबंदर रोडला होतात, तशा नाशिक, कोल्हापूर, साताऱ्याकडेही होतात. पण सुरुवातीचे आठ-दहा दिवस सेटवर जाऊन बसा. कुठल्या कलाकाराच्या तोंडी लांब वाक्य बसत नाही, कोणाचा विराम बोलका आहे, सेटवर एकूण किती खोल्या आहेत, पाऊस पत्र्यावर पडायला लागला की आवाजासाठी शूटिंग कसं थांबतं, हे पाहिल्याशिवाय लिहू नये. पटकथेच्या आणि कथेच्या खुर्चीवर गेलात की वाहिनीच्या बैठका सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच आता व्हिडिओ कॉलवर होतात, पण ट्रॅक फिरतो त्या बैठकीत माझ्या अनुभवात समोर असलेल्या माणसाचंच ऐकलं जातं. तो प्रश्न दोन वर्षांनी आला तरी चालेल.

करिअर किती टिकतं? माझ्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी जे अजून लिहीत आहेत, ते जवळपास सगळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पटकथेकडे सरकले. फक्त संवाद लिहीत राहिलेले उत्तम लेखकही थकले, कारण वेगाचा सगळा भार त्यांच्यावर होता आणि निर्णयाचा अधिकार काहीच नव्हता. म्हणून पहिल्या दिवसापासून आलेली पटकथा नुसती भरू नका, ती उलगडून बघा. हा सीन इथे का आहे? काढला तर काय बिघडेल? भाग इथेच का थांबवला? पटकथाकारांना विचारा. चांगला पटकथाकार असे प्रश्न विचारणाऱ्या संवादलेखकाला आजारपणात किंवा सुट्टीत एखादा भाग पाडायला देतो. मला पहिला भाग असाच मिळाला होता.

एका वेळी दोन मालिका घेण्याचा मोह होईल. पहिली दोन वर्षं घेऊ नका. मी घेतल्या, वर्षभरात मानेचं दुखणं कायमचं लागलं, आणि वाईट म्हणजे दोन्ही घरांतल्या सुना सारख्या बोलायला लागल्या. एका प्रेक्षक बाईंनी ते ओळखलं, मला भेटून सांगितलं, आणि त्या बरोबर होत्या.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. आज राजीनामा देऊ नका, पण नकारही कळवू नका. त्यांच्याकडे दाखवल्या गेलेल्या सहा भागांची पटकथा मागा, संवाद नसलेली. रोज संध्याकाळी एक भाग मिळाला असं समजा आणि सकाळी सातपर्यंत त्याचे संवाद पूर्ण करा, सलग सहा दिवस, बँकेत जाऊन. मग ते सहा भाग लावून बघा आणि तुमच्या पानांशी ताडा. पहिल्या दिवसाची पानं चांगली असतीलच, ती बघू नका. पाचव्या आणि सहाव्या दिवसाची बघा. तिथे अजून माणसं वेगवेगळी बोलत असतील तर तुम्हाला हे काम जमणार आहे. सगळे एकाच आवाजात बोलायला लागले असतील, तरी लेखिका म्हणून तुम्ही कमी ठरत नाही. इतका वेग तुमचा नाही, एवढंच त्यातून कळतं.

जमलं, तर महिनाभराची रजा काढून खरं काम सुरू करा. त्याआधी बँकेचे सेवा नियम नीट वाचा. नोकरीत असताना बाहेरचं मानधनाचं काम करायला अनेक ठिकाणी लेखी परवानगी लागते, आणि ती न घेतल्याने नोकरी आणि नाव दोन्ही अडचणीत येऊ शकतात. रजा संपताना तुमच्याकडे सही झालेला करार आणि बाजूला ठेवलेला खर्च दोन्ही असतील, आणि रोज उठून लिहावंसं वाटत असेल, तर सोडा नोकरी, मी मनापासून म्हणेन. घरात कमावणाऱ्या तुम्ही एकट्या असाल किंवा डोक्यावर गृहकर्ज असेल, तर उत्तर बदलतं. मग आठवड्याचे दोनच भाग तुम्हाला आणि बाकीचे दुसऱ्या संवादलेखकाला, अशी विभागणी होते का विचारा. मोठ्या मालिकांत ती होते.

त्यांना फोन कराल तेव्हा वही जवळ ठेवा. सध्या भागांची बँक किती दिवसांची आहे? माझा करार निर्मितीसंस्थेशी होणार की तुमच्याशी? श्रेय माझ्या नावाने येणार का? पैसे मंजूर भागाचे की प्रसारित भागाचे, आणि किती दिवसांनी? आणि याआधी संवाद कोण लिहीत होतं, त्यांनी काम का सोडलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की शक्य असेल तर त्या लेखकालाही फोन करा. आमच्यात असे फोन होतात, कोणी वाईट वाटून घेत नाही. मला असे अनेक फोन आलेले आहेत आणि मी प्रत्येकाला अर्धा तास दिला आहे.